हलवाहलव

सोमवार, ३

सासूबाई आज सकाळी गेल्या. नणंदेचे दिवस भरत आले आहेत आणि तिच्याकडे करणारं कोणी नाही. परत कधी येणार ते त्या येणाऱ्या बाळाच्या मर्जीवर. रिक्षात पिशव्या ठेवून झाल्या, बसल्या, पुन्हा उतरल्या आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "घर तुझ्यावर आहे. तुला पटेल तसं कर. फक्त फार हलवाहलव करू नकोस." आणखी काहीतरी त्यांच्या ओठांवर होतं. तेवढ्यात आप्पा मागे येऊन उभे राहिले. मग "दुधाकडे लक्ष ठेव" एवढंच म्हणाल्या.

रिक्षा वळून गेली तरी आप्पा हात हलवत होते. सासरे म्हणून मला त्यांचा धाक वाटतो. सगळी नोकरी बस चालवण्यात गेली. अजूनही माणसाकडे आरशातून बघितल्यासारखे बघतात.

मग सगळे आपापल्या वाटेला लागले. मोठे भाऊजी आणि जाऊबाई कामावर, त्यांची मुलं चिमणी आणि पैलवान शाळेत. पैलवानाच्या बरगड्या लांबून दिसतात, म्हणून तो पैलवान. हे पुलाच्या कामावर असतात, महिनाअखेरीशिवाय घरी येत नाहीत. लग्नाला वर्ष होत आलं, पण आम्ही एकत्र काढलेले दिवस दोन्ही हातांच्या बोटांत मावतील.

एवढं भरलेलं घर, आणि दुपारी मी, आप्पा आणि पंखा.

मंगळवार, ४

आज नुसतं फिरून घर बघितलं. घाण नाही, पण पसारा कसा तो बघावा. आप्पांचा दुसऱ्या दिवशीचा सदरा खुर्चीच्या पाठीवर. चष्मा दोरीने दाराच्या कडीला. कंगवा टीव्हीवर. दात घासायचा ब्रश जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या पेल्यात. संडासाचं दार सताड उघडं आणि आतला दिवा भर दिवसाही चालू. आप्पांच्या कपाटाला दारंच नाहीत. दोन्ही दारं पलंगामागे भिंतीला टेकवून ठेवली आहेत. आणि बाहेर पायरीशेजारी ती बसची सीट. हिरवी, फाटलेली, आतला स्पंज बाहेर आलेला. निवृत्त झाल्यावर आप्पांनी डेपोतून आणली म्हणे. या गल्लीतली घरं एका साच्यातून काढल्यासारखी आहेत, तोच रंग, तेच फाटक, तीच पायरी. त्यात आमचं तेवढं चटकन ओळखू येतं, ते या सीटमुळे. मला लाज वाटते.

माझ्या माहेरी एकच खोली होती आणि सगळं खिळ्यांना टांगलेलं. आई लोकांची धुणीभांडी करून यायची आणि कौतुकाने सांगायची, "त्या बाईंच्या घरात सुईला हाक मारली तर सुई ओ देते." आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. या लोकांनी शिकलेली मुलगी म्हणून मला केली. आमच्याकडे दाखवण्यासारखं दुसरं होतं काय? मग ते शिक्षण कुठेतरी दिसायला नको?

सासूबाई येतील तेव्हा त्यांनी दारातच थबकून बघितलं पाहिजे. बस, एवढंच हवं आहे.

गुरुवार, ६

जिन्याच्या पायऱ्यांवर प्रत्येकाची एक टोपली ठेवली. ज्याची वस्तू जिथे-तिथे पडलेली सापडेल ती त्याच्या टोपलीत. ज्याने-त्याने संध्याकाळी टोपली रिकामी करायची. पैलवानाने आपल्या टोपलीत पाय घालून बघितलं. "काकू, मीच पडलेला सापडलो तर?"

"तर घडी घालून ठेवीन."

चिमणी हसली. माझ्या बोलण्यावर या घरात कोणी हसलं की मला दिवसभर पुरतं.

जाऊबाई संध्याकाळी आल्या, पर्स खांद्यावरून काढली आणि तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. "इथे ठेवू का, की पावती घ्यावी लागेल?" चेष्टाच होती. मीही हसले. पण त्यांना आवडलं नसेल का?

आप्पांचा सदरा, चष्मा, कंगवा, ब्रश सगळं कालच जागच्या जागी ठेवलं होतं. सकाळी ते बराच वेळ बैठकीत नुसते उभे होते. "काही हवंय का आप्पा?" म्हटलं. "काही नाही, काही नाही," म्हणाले आणि कालचाच मळका सदरा घालून बसले. कपाटात धुतलेले असताना. म्हणजे माझा निषेधच की.

रविवार, ९

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कामांचं वेळापत्रक लावलं. लाल रेघा मारून, सुबक अक्षरात. सगळे जेवायला बसलेले असताना आप्पा त्याच्यासमोर गेले, बोट फिरवत सगळं वाचलं आणि मला म्हणाले, "यात माझी ड्युटी कुठली? मला पहिल्या पाळीला निघायचंय."

पैलवान खदखदून हसला. मला वाटलं सगळेच हसतील. पण भाऊजींनी ताटातून मान वर केली नाही आणि जाऊबाई एकदम म्हणाल्या, "आज भाजी छान झालीय हं." त्या कधी भाजीबद्दल बोलत नाहीत. माझी झालेली फजिती बघवली नसेल त्यांना.

दुपारी वेळापत्रक काढून टाकलं. भिंतीवर चिकटपट्टीचे डाग राहिले, ते घासून काढले.

मंगळवार, ११

सुताराला बोलावून कपाटाची दारं बसवून घेतली. तो कुरकुरत होता. "ही मीच काढली होती बाई. सासूबाईंनी बोलावून काढायला लावली होती."

"का?"

"ते मी कशाला विचारू? दार काढायचं, दार लावायचं, आपला धंदा तोच."

कपाट आता किती देखणं दिसतं. आप्पांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी दारावरून हात फिरवला आणि फार अदबीने म्हणाले, "काम स्वच्छ आहे तुमचं, बाई. आणखी कुणाच्या घरी करता?"

मी संडासात जाऊन रडले. त्यांना कोणी सांगितलं? आई धुणीभांडी करते हे लग्नात आम्ही लपवलं नव्हतं, पण मुद्दाम बोललोही नव्हतो. एवढं जपून, गोड आवाजात टोचता येतं माणसाला? मला 'बाई' म्हणाले, 'तुमचं' म्हणाले. सुनेला कोणी तुम्ही म्हणतं का?

शुक्रवार, १४

मागच्या दाराच्या कोपऱ्यात ओलं होतं. वासावरून कळलंच. पैलवान एवढा मोठा झाला तरी. त्याला बोलून लाजवायला नको म्हणून गपचूप फिनेल टाकून पुसलं. काल आणि आजही. संडासाचा दिवा आता मी बंद ठेवते आणि दारही ओढून घेते, तेवढंच जरा सभ्य वाटतं.

यांचा फोन आला. मागे मशीनची घरघर. मी धीर करून म्हटलं, "आप्पा मला टोचून बोलतात."

हे म्हणाले, "ते काही बोलले तर मनावर घेऊ नकोस."

"म्हणजे काय? तुम्हाला माहिती आहे ते काय बोलतात?"

"अगं, वय झालंय त्यांचं. आल्यावर बोलू सविस्तर. इथे रेंज जाते."

रेंज जाते हे खरंच आहे. पण आज ती जायच्या आधीच यांनी फोन ठेवला असं मला उगाच वाटत राहिलं.

आईला फोन केला. "सगळं छान आहे," सांगितलं. तिला आनंद झाला. शेजारणीला मोठ्याने सांगत होती ते ऐकू आलं.

सोमवार, १७

भंगारवाला आला होता. मी बाहेर गेले, आत आले, परत बाहेर गेले. सासूबाईंचे शब्द आठवत होते. पण एक फाटकी सीट म्हणजे काही हलवाहलव नव्हे, कचरा काढणं झालं. आप्पा झोपले होते. सीट देऊन टाकली. त्यांना विचारायला हवं होतं हे मला लिहिताना कळतंय. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. आजवर मी कुणाची वस्तू न विचारता घेतलेली नाही.

पायरी धुतली. चपलांचं कपाट बाहेर उघड्यावर होतं ते आत घेतलं. लांबून बघितलं तर आमचं घर आता अगदी शेजारच्यांसारखं दिसतं. नीटनेटकं.

संध्याकाळी कोणाच्याही लक्षात आलं नाही. आप्पा पायरीवर येऊन उभे राहिले, खाली बघितलं, आत गेले.

बुधवार, १९

काल लिहायला हात धजला नाही. आज सगळं लिहिते.

काल दुपारी मी माळा झाडत होते. खाली आले तर दार उघडं आणि आप्पा नाहीत. ते गल्लीत फेरी मारून येतात, म्हणून आधी काही वाटलं नाही. माळ्यावरचं काम उरकून आले, तरी नाहीत. चपलांचं कपाट उघडून बघितलं. त्यांच्या चपला आतच होत्या.

दोन्ही टोकांपर्यंत धावले. कुणाला विचारणार? या गल्लीत मी कुणालाच ओळखत नाही, मान खाली घालून दूध आणते आणि परत येते. तेवढ्यात चिमणी शाळेतून येताना दिसली.

"आप्पा दिसले का गं?"

"हो, मघाशी मैदानाच्या बाजूला. मी हाक मारली. मला म्हणाले, बाळ, इथे बसची सीट असलेलं एक घर होतं ना, ते कुठे गेलं?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "काकू, त्यांनी मला ओळखलं नाही. आजी इथे नसली की ते जास्त करतात."

जास्त करतात. ती पोर हे किती सहज म्हणाली.

मागच्या गल्लीत इस्त्रीवाल्याच्या टपरीशी ते सापडले. त्याने त्यांना स्टुलावर बसवलं होतं, पाणी दिलं होतं. पाय अनवाणी, टाचेतून रक्त आलेलं. पायजमा ओला होता आणि त्यावर इस्त्रीवाल्याने एक चादर टाकली होती, काहीच झालं नसल्यासारखी.

"हे तुमचे का? इथून येरझाऱ्या चालल्यात कधीच्या. विचारलं तर म्हणतात, घर सुटलं, पुढच्या फेरीला मिळेल."

"माझे सासरे आहेत."

"मग सांगून ठेवायचं ना कुणीतरी. मला काय ठाऊक कुठलं घर? आणून सोडलं असतं."

घरी येताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. दारात पोचल्यावर म्हणाले, "फार उपकार झाले. तुम्हाला उलट्या दिशेला जायचं असेल आता." त्यात टोमणा नव्हता. कधीच नव्हता.

मी त्यांचे पाय धुतले. संडासाचा दिवा लावला, दार उघडं टाकलं. चष्मा कडीला अडकवला. कपाटाची दारं मला एकटीला निघाली नाहीत, म्हणून ती उघडून दोन्ही बाजूंना दोरीने बांधून ठेवली. सीटसाठी भंगारवाल्याकडे जाऊन आले. तिचा पत्रा वेगळा झाला होता आणि रेक्झिन कुठे गेलं ते त्यालाही माहीत नव्हतं.

सासूबाईंचा तो पसारा नव्हताच, आप्पांसाठी ठेवलेल्या खुणा होत्या. मी पुसत गेले आणि त्यांना काही सापडेना.

संध्याकाळी मी भाऊजींना आणि जाऊबाईंना विचारलं. माझा आवाज चढला होता. "मला कोणी सांगितलं का नाही?"

भाऊजी म्हणाले, "सांगण्यासारखं काय आहे त्यात? घरातली गोष्ट आहे."

"मग मी घरातली नाही का?"

जाऊबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुझ्या लक्षात आलं असेल. शिकलेली आहेस."

यांना फोन लावला. "तुला सांगायचं म्हणून आईने नेहमी ठरवलं आणि नेहमी राहिलं," म्हणाले. "तू घाबरून माहेरी जाशील असं तिला वाटायचं." तुम्हाला काय वाटायचं, असं विचारलं. त्यावर हे बराच वेळ बोलले नाहीत. रेंज चांगली होती.

गुरुवार, २०

भाऊजींनी फाटकाला कुलूप आणलं. दुपारी मी एकटी असते म्हणून किल्ली माझ्याकडे. "त्यांच्याच भल्यासाठी," म्हणाले. "आणि बाहेर बोलायचं नाही. लोकांना एकदा समजलं की उठताबसता तेच."

मी मान हलवली. परवा माझ्यामुळे जे झालं, त्यावर आज मी कुठल्या तोंडाने बोलणार?

आप्पा फाटकाशी गेले. कडी हलवली. थोडा वेळ थांबून पुन्हा हलवली. मी आत भांडी पुसत होते आणि प्रत्येक आवाज मोजल्यासारखा कानात पडत होता. मग त्यांनी हाक मारली, अगदी समजुतीच्या सुरात, "अहो, कुणी आहे का केबिनमध्ये? गेट उघडा. पॅसेंजर खोळंबलेत."

मी गेले नाही. किती तरी वेळाने ते आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. चहा दिला तर घेतला नाही. नको असंही म्हणाले नाहीत.

शुक्रवार, २१

आजही तसंच. आज ते कडी हलवायला गेलेच नाहीत. सकाळपासून त्याच खुर्चीत. सदरा मी घालून दिला, हात वर करा म्हटलं की वर करायचे. घर अगदी आवरलेलं होतं. एक वस्तू इकडची तिकडे नाही, एक माणूस जागचं हललं नाही. मला ते बघवेना.

इस्त्रीवाल्याचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. सांगून ठेवायचं ना कुणीतरी.

मी कुलूप काढलं, त्यांच्या पायात चपला घातल्या आणि म्हटलं, "चला आप्पा, फेरी मारून येऊ." शेजारच्या फाटकाची कडी वाजवली. शेजारची मास्तरीण बाहेर आली. मी काय बोलले ते धड आठवत नाही. मी अमक्या घरची धाकटी सून. हे आमचे आप्पा. यांना कधीकधी घर सापडत नाही. दिसले तर आणून सोडाल का?

ती मला म्हणाली, "अगं, तू बोलतेस होय? आम्हाला वाटलं मुकी आहे की काय." मग आप्पांना म्हणाली, "काय ड्रायव्हरसाहेब, आमची आठवण आहे का? तुमच्या गाडीला लोंबकळून शाळेत जायचे मी."

"मग तिकीट काढलंत का कधी?" आप्पा म्हणाले.

एकेक करत सगळी गल्ली केली. काहींनी नीट ऐकलं. एका बाईने दार अर्धंच उघडलं आणि "आम्ही घरी नसतो" म्हणाली. एक आजोबा म्हणाले, "असं सांगत फिरू नये पोरी, घराची शोभा जाते." मी "हो" म्हटलं आणि पुढच्या घरी गेले. इस्त्रीवाल्याला त्याची चादर धुऊन दिली आणि घर दाखवून ठेवलं. दूधवाला, किराणावाला, रिक्षा स्टँडवरची पोरं. आप्पा सगळीकडे मला हात करून पुढे जायला वाट देत होते.

संध्याकाळी भाऊजींच्या कानावर गल्लीतूनच गेलं. ते जेवायलाच आले नाहीत. जाऊबाई बोलल्या. "आमची चिमणी उद्या मोठी होईल. तिचं कुठे जमायच्या वेळी लोक हेच काढतील, तेव्हा तू उत्तर द्यायला ये." चिमणी पलीकडे गृहपाठ करत होती. ती चौथीत आहे.

कुलूप माझ्याकडे आहे. मी ते परत लावणार नाही असं सांगितलं.

शनिवार, २२

घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. हवं-नको तेवढंच, तेही मुलांच्या तोंडून. "आई विचारतेय, मीठ कुठे आहे." मीठ जिथे होतं तिथेच आहे.

आप्पा दुपारी एकटे बाहेर गेले. मी दारातून बघत होते. पाठीमागे जायचं नाही असं ठरवलं होतं आणि पायरीपर्यंत गेलेच. त्यांनी आपलं घर ओलांडलं, शेजारचंही ओलांडलं. मग मास्तरीणबाईंची खिडकी उघडली. "साहेब, स्टॉप मागे राहिला." ते वळले. एवढं सोपं नाही, रोज असंच होईल असं नाही, हे मला कळतं. तिला उद्या वेळ नसेल. परवा ती घरी नसेल. तरी.

रविवार, २३

नणंदेला मुलगी झाली. सासूबाईंचा फोन आला तो भाऊजींच्या फोनवर. ते उठून पलीकडे गेले आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी भाजी चिरत होते आणि चिरतच राहिले, नको एवढी. मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "बोलायचंय म्हणते."

सासूबाईंच्या मागे बाळ रडत होतं.

"सीट काढलीस?"

"हो."

"आणि बाहेर सांगितलंस."

"हो." मग मीच म्हटलं, "चुकलं असेल तर एकदाच काय ते बोला. पण कुलूप लावायला सांगू नका."

पलीकडे बाळाचं रडणं थांबलं. मला वाटलं त्यांनी फोन ठेवला.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

मी सगळी नावं घेतली. दार अर्धं उघडलेल्या बाईचंही घेतलं.

"वळणावर एक शिंपीण बसते, तिला?"

"नाही. मला माहीत नव्हती."

"तिला सांग. ती दिवसभर रस्त्याकडे तोंड करून असते. आणि ते गेले तर मैदानाच्याच बाजूने जातात, डेपो पूर्वी तिकडे होता. त्यांना रागावलीस तर ऐकत नाहीत. 'गाडी आत घ्यायचीय' म्हटलं की येतात." एवढं एका दमात बोलल्या, कोणीतरी काढून घेईल अशा घाईने. मग, "ठेवते, पाणी तापलंय."

संध्याकाळी शिंपिणीकडे जाऊन आले. तिने मशीन थांबवलं नाही, पण ऐकलं सगळं. दोरा दातांनी तोडून म्हणाली, "तुमच्या सासूबाई माझ्याकडे कायम येतात. ब्लाउज टाकायला, घ्यायला. कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. का हो?"

मी म्हटलं, "एकटीनेच निभवायची सवय लागली असेल."

"हं," ती म्हणाली, आणि मला बसायला स्टूल पुढे सरकवलं. घरी कोणी वाट बघत नव्हतं. मी बसले.